नटाखालची पत्ती

मामाजी,

काल सकाळी इतवारीहून हातठेल्यावर आलं ते असं: बोटीचा पंप एक, अख्खा, न उघडलेला, गंजलेल्या बोल्टांसकट, भंगाराच्या भावाने वजनावर, रुपये तीनशे चाळीस. ठेलेवाल्याची मजुरी बारा. पंधरा मागत होता, पण ठरलं होतं अंगणापर्यंत आणि त्याने फाटकातच टेकवला. बोल्ट भिजवायला मातीचं तेल दोन लिटर, रेशनचंच, म्हणजे हा महिना सिगडीवर काढायचा. पुसायला जुनं लुगडं एक, त्याचे पैसे धरत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सूनबाई, लोखंडाची भाजी करतं काय वं आता?" आणि मी सांगितलं असतं की लोखंड नाही, वरचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि आतला पंखा पितळी, भंगारवाल्याने तेवढ्यासाठीच अडवून धरलं होतं. पण तुम्ही नाही. आणि तुम्ही असता तर हा पंप या अंगणात आलाच नसता, तुम्ही येऊ दिला नसता.

हे काम तुमच्या नातजावयाचं. तुम्ही त्याला पाहिलं नाही. तो कोराडीच्या वीज केंद्रात देखभालीला आहे. तिथे कोळशाची राख पाण्यात कालवून मोठ्या नळांतून लांबच्या तळ्यात ढकलतात, आणि ती ढकलणाऱ्या पंपांचे पंखे राख खाऊन टाकते. त्याचं अर्धं आयुष्य ते पंखे बदलण्यात जातं असं तुमची नात म्हणते. मागच्या पंधरवड्यात तो इतवारीत कसला तरी जुना व्हॉल्व्ह शोधायला गेला आणि भंगाराच्या ढिगात त्याला निळा रंग उडालेली बोटीची शेपटी दिसली. तुमच्या खात्याने शेडमधलं सगळं जुनं लिलावात काढलं होतं. कन्हान नदीवर तशी बोट एकच होती, हे त्याला आपल्या घरात ऐकून ठाऊक. संध्याकाळी येऊन ओसरीवर बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, "मामी, तो पंप कोणी उघडलाच नाही. बोल्टांवर आबांचे लाल ठिपके अजून आहेत." तुम्ही बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचात, म्हणजे कोणी मागून हात लावला तर रंग तडकून कळायचं. ते ठिपके तडकले नव्हते. मी दुसऱ्या दिवशी पोस्टातून पैसे काढले.

आत काय पाहायचं होतं ते तुम्हाला सांगायला नको. पण इतकी वर्षं ज्या एका गोष्टीपाशी आपल्या घरातलं बोलणं येऊन थांबायचं, ती मला एकदा क्रमाने लिहून काढायची आहे. जावयाने कचेरीतले एका बाजूने कोरे कागद आणून दिलेत. त्याला वाटलं हिशेबाला हवेत.

ती बोट आली तेव्हा तुम्ही खात्याच्या वर्कशॉपात फिटर होतात आणि हे, म्हणजे तुमचा एकुलता एक लेक, माझे यजमान, तिच्यावर चालक म्हणून लागले. पुरात माणसं काढायची बोट. इतर मोटारबोटींचा पंखा मागे पाण्यात उघडा फिरतो, हिचा तसा नव्हता. ही पोटाखालून पाणी ओढायची आणि शेपटीतून जोराने मागे फेकायची, त्या जोराने पुढे जायची. उथळ पाण्यात, खडकांवरूनही चालायची. मला पहिल्यांदा ते कळलं नाही, तर ह्यांनी न्हाणीत बसून पोरीच्या पिचकारीने समजावलं होतं आणि दोघांनी मिळून माझा पदर भिजवला होता. बोट कामठीला नदीकाठी असायची. पावसाळाभर हे तिकडेच. आठवड्यातून दोनदा कपडे बदलायला यायचे तेव्हा खिशातून रेती सांडायची आणि मी झाडताना कुरकुरायची.

मग त्या वर्षी ती चालेना झाली. मोटार ओरडायची आणि बोट जागची हलायची नाही. एका दुपारी तुम्ही दोघं पोत्यात गुंडाळून तो जुना पंखा घरी घेऊन आलात. मी चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही पोतं सरळ माझ्या परातीशेजारी उलगडता आणि मी मनात म्हणते, सोवळं गेलं. केवढासा तो पंखा, तीन पाकळ्यांचा, पितळी. तुम्ही उकिडवे बसलात, पाकळीच्या कडेवरून बोट फिरवलंत.

"पाय वं, रेती खाऊन राहिली याले. कडा गेल्या. आता हा फिरते खरा, पण पाणी बाजूनं मागं निसटते."

मी म्हटलं, माझं उलथनं असंच झिजलंय, कोपरा गेलाय, पोळी निसटते. तुम्हाला ते फार आवडलं. "हा, तसंच," म्हणालात, आणि ह्यांना म्हणालात की तुझ्यापेक्षा तुझ्या बायकोला लवकर समजतं. हे ताटावर बसलेले. म्हणाले, "फरक आहे बाबा. तिचं झिजलं तं पोळी जळते, तुमचं झिजलं तं मी बुडतो." आपण तिघंही हसलो. मला ते हसणं आठवतं, माझ्या बाजूची चूल आठवते, आणि त्या वेळी देवघरात दिवा होता का विझला होता ते मात्र काही केल्या आठवत नाही.

नवा पंखा परदेशातून मुंबईला आणि तिथून रेल्वे पार्सलने नागपूरला यायला नवरात्र उजाडलं. त्या वर्षी पाऊस लांबलेला, नदी अजून भरलेली, आणि दसऱ्याला देवी बोळवायला सगळा गाव कन्हानवर लोटणार, म्हणून साहेबांना बोट हवीच होती. पार्सल सुटलं अष्टमीला. म्हणजे पंखा बसवायला दिवस उरला नवमीचा, आणि नवमीला संध्याकाळी हत्यारांची पूजा. पाने, हातोड्या, पंखा ओढून काढायचा पुलर, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. आपल्या घरी ते फार कडक. तुमच्या आईच्या वेळेपासून चालत आलेलं, तुम्हीच मला लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला सांगितलं होतं, मी नुसती विळी उचलली तर रागावला होतात.

नवमीला मी डबा घेऊन पोरीसकट कामठीच्या बसने आले. माझा उपास, तुमचाही. ह्यांना तेवढी पोळीभाजी आणि तुम्हाला भगर. बोट काठावर ओंडक्यांवर ओढून घेतलेली, शेपटीचा भाग सोडवून बाजूला ठेवलेला आणि तुम्ही मागच्या भोकातून खांद्यापर्यंत आत गेलेले. हे पुढून शाफ्ट धरून. जुना पंखा सकाळीच निघाला होता. नवा इतका चकचकीत की पोर त्यात तोंड पाहत होती. तुम्ही तो शाफ्टवर सरकवलात, तो सुटा फिरू नये म्हणून खाचेत चावी बसवलीत, एक पातळ मोजपट्टी घालून त्याची फट चारी बाजूंनी मोजलीत, दोनदा काढलात, दोनदा घातलात. मी सावलीत बसून पाहत होते. मला ते आवडायचं, मामाजी. मी पाचवारी नेसून मॅट्रिकच्या परीक्षेला बसलेली बाई, बेरजा वजाबाक्या मला येतात, पण वस्तू वस्तूत अशी बसताना पाहण्यात जे सुख आहे ते बेरजेत नाही. मी विचारलं म्हणून तुम्ही सांगितलंत: आता नट. नटाखाली ही पत्र्याची चकती, हिला म्हणायचं पत्ती, हिला एक कान आहे. नट आवळून झाला की हा कान हातोडीने नटाच्या अंगावर वाकवायचा. म्हणजे नट उलटा फिरू शकत नाही. कान सरळ राहिला तर मोटारीच्या हादऱ्याने नट सैल होतो, पंखा मागे सरकतो, आणि बोट गेली. मी म्हटलं, मंगळसूत्राच्या फाशासारखं. तुम्ही म्हणालात, हो, असंच समज.

मग तुम्ही नट चढवलात. लांब पान्याने आवळायला लागलात. ह्यांनी तिकडून शाफ्ट दाबून धरलेला. मी पुढे वाकून पाहते आहे. तुम्ही एका हाताने हातोडी चाचपडता आहात, आणि तेवढ्यात तुमची नजर माझ्या मागे जाते.

"पोरीले धर वं आधी. पंखा पळून नाही जाऊन राहिला."

पोर पाण्याच्या कडेला पोचली होती. मी धावले. तिला उचललं, एक धपाटा घातला, तिच्या पायाची रेती धुतली, आणि परत आले तेव्हा तुम्ही शेपटीचा भाग चढवून बोल्ट आवळत होतात आणि लाल रंगाची डबी मागत होतात. सूर्य कलला होता. पूजेची वेळ चुकू नये म्हणून मीच घाई केली. बोट पाण्यात घालून ह्यांनी पुलापर्यंत एक फेरी मारली, बाण सुटावा तशी गेली. काठावरची पोरं ओरडली. आपण संध्याकाळची बस धरली, हत्यारांची पेटी ह्यांच्या मांडीवर.

घरी आल्यावर तुम्ही अंघोळ केलीत. मी पाट मांडला, पाने ओळीने, मोठा मधे, हातोडी, पुलर, छिन्नी. झेंडू वाहिला, प्रत्येकाला नाडा बांधला, आरती झाली. तुमचा प्रसाद हातात तसाच. दिवेलागण होऊन थोडा वेळ झाला होता, आणि तुम्ही उठून पाटापाशी आलात आणि मधल्या पान्याला हात घातलात.

"मी कामठीले जाऊन येतो," म्हणालात. "एक वार पाहून येतो."

ह्यांनी विचारलं, काय पाहून येता, बाबा, मी चालवून पाहिली ना. तुम्ही म्हणालात, पत्ती. मले आठवून नाही राहिलं. ह्यांनी हसून सांगितलं की आता शेपटी खोलायची, पाण्यातून बोट ओढायची, ती कोण ओढणार, आणि तुम्ही तीस वर्षं नट आवळत आलात, हात आपोआप वाकवतो. तुम्ही तरी उभेच. पाना हातात, त्याला माझा नाडा बांधलेला. तेव्हा मी बोलले.

"मामाजी, पूजेतलं हत्यार आज उचलू नये. सकाळी पहिल्या बसने जा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग पाना खाली ठेवलात, होता तसा, सरळ ओळीत. हे माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे, की तुम्ही तो आधीच्या जागीच ठेवलात आणि नाड्याची गाठ वर करून ठेवलीत.

सकाळी तुम्ही पहिल्या बसला गेलात खरे. पण मिरवणुका पहाटेच निघालेल्या, बस इंदोऱ्याच्या पुढे अडकली, तुम्ही मग चालतच निघालात. हे आदल्या रात्रीच शेवटच्या बसने ड्यूटीवर परत गेले होते. जाताना चहाला थांबले नाहीत. आपट्याची पानं घेऊन ठेव, म्हणाले, मी आल्यावर सोनं देऊ.

पुढचं आपल्याला दोघांनाही लोकांच्या तोंडून कळलं. ऊन चढायला लागलं तेव्हा एक मोठी देवी पाण्यात नेताना एक जण घसरला आणि धारेला लागला. हे बोट घेऊन निघाले. मधे गेल्यावर मोटार एकाएकी ओरडायला लागली, सगळ्या घाटाला ऐकू जाईल इतकी, आणि बोट जागची हलेना. धारेने आडवी झाली. जुन्या पुलाच्या खांबावर आदळून फुटली, आणि हे वर आले नाहीत. तुम्ही पोचलात तेव्हा काठावर गर्दी होती आणि कोणी तुमच्यासाठी वाट करून देत नव्हतं, कारण तुम्ही कोण ते कोणाला माहीत नव्हतं. ज्याला काढायला गेले तो आपणहून खालच्या अंगाला काठाशी लागला होता. पुढे दिवाळीच्या आधी तो आपल्या घरी नारळ घेऊन आला. मी नारळ घेतला, पाट दिला, पाणी दिलं. तुम्ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलात.

चौकशीला साहेब चांगले होते. ते म्हणाले, तुम्हीच उघडून दाखवा, तुमच्याशिवाय कोणाला येत नाही. तुम्ही हात जोडलेत. तुम्ही म्हणालात, "मले नका सांगू साहेब. मी उघडणार नाही." मग त्यांनी लिहिलं की आदल्या दिवशी पंखा बदलला, दुसऱ्या दिवशी चालला नाही, बसवण्यात दोष राहिला असावा. तुम्ही खाली सही केलीत. फुटकी बोट शेडमध्ये गेली. तुम्हाला कोणी काढलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. तुम्ही तुमची हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलीत आणि निवृत्त होईपर्यंत वर्कशॉपात भांडारातलं सामान देण्याघेण्याचं काम मागून घेतलंत. पुढच्या नवमीला पाट मांडला तर त्यावर ठेवायला माझं शिवणयंत्र आणि विळी. तुम्ही पूजेला बसला नाहीत.

आणि तुम्ही मला विचारायचात. वर्षातून एकदा, कधी दोनदा. त्याला काही वेळकाळ नव्हता. मी तांदूळ निवडत असले, ब्लाऊजची बटणं लावत असले, की तुम्ही येऊन दाराच्या चौकटीला टेकायचात.

"तू होतीस ना वं तिथं. मी पत्ती वाकवली का नाही?"

"मी पोरीला आणायला गेले होते, मामाजी. मी नाही पाहिलं."

"हो. मीच पाठवलं तुले."

एवढंच बोलणं. मग तुम्ही जायचात. शेवटी शेवटी तुमच्या हाताला एक खोड लागली होती, हाती येईल त्याची कड अंगठ्याने मोडायची. पोळीची कड, पोस्टकार्डाचा कोपरा, रेशन कार्डाचा कोपरा, त्यावरून दुकानदार मला बोलला. मेयो दवाखान्याच्या खाटेवर तुम्ही चादरीची किनार अशीच मोडत होतात, दाबून, पुन्हा पुन्हा, आणि नर्स म्हणाली, आजोबांना काही हवंय का. मला माहीत होतं काय हवंय. एक शब्द हवा होता, "हो, पाहिलं." तो मी दिला नाही. मी रोज पोथी वाचते, खोटं बोलत नाही, हे माझं एक सांगायचं कारण. दुसरं कारण असं की तुम्हाला ते पटलं नसतं. तुम्ही विचारलं असतंत, हातोडी कोणत्या हातात होती.

आता आजचं. जावयाची आज सुटी. बोल्ट रात्रभर तेलात भिजलेले तरी दोन तुटले. पोर, म्हणजे तुमची नात, ओसरीवर बसली होती. तिला तो दिवस आठवत नाही, फक्त धपाटा आठवतो म्हणते. जावयाने शेपटीचं टोपण काढलं. आत काळा चिखल, वाळून दगड झालेला. तो छिन्नीने नाही, लाकडाच्या काडीने उकरत बसला, आणि मी पाहिलं की त्याचा हात तुमच्यासारखाच चालतो, आधी बोटाने चाचपायचं मग हत्यार लावायचं. नट दिसायला लागला. त्याने मातीच्या तेलाचा बोळा फिरवला. पुसलं. पुन्हा फिरवला. मग तो बाजूला सरकला आणि म्हणाला, "मामी, या. तुम्हीच पाहा."

कान वाकवलेला होता, मामाजी. नटाच्या अंगाला चिकटून, पक्का, आणि त्यावर हातोडीचा एकच ठोका. जावई म्हणाला, दोन ठोके लागतात आम्हाला. पोर रडायला लागली. जावयाने हात जोडले, पंपाला का तुम्हाला ते मी विचारलं नाही. पंखाही जागचा हलला नव्हता, पाकळ्या नव्या कोऱ्या, एका दिवसाच्या.

मग त्याने पंप उलटा केला, पोटाच्या बाजूने, जिथून पाणी आत ओढलं जायचं. जाळी एका बाजूने वाकून आत गेली होती, आणि पंख्याच्या पुढे शाफ्टभोवती काहीतरी गच्च गुंडाळलेलं होतं. त्याला वाटलं पोतं. तेल टाकून पुसलं तर जरीचा काठ दिसला. हिरवी पडलेली जर, आणि लाल, आता काळं दिसणारं, नायलॉनचं वस्त्र, जसं मंडळाच्या देवीला नेसवतात तसं. त्यात सुतळी, हाराचा दोरा, मूर्तीच्या आतलं गवत आणि बांबूची एक कामटी. आदल्या कोणत्या तरी देवीचं. माणसं मूर्ती पाण्यात सोडतात, वस्त्र वर तरंगतं, धारेबरोबर जातं. बोट त्याच्यावरून गेली असेल, तिने ते पोटात ओढलं आणि पाण्याची वाट बंद झाली. जावई घरात गेला आणि विळी घेऊन आला, कापून काढतो म्हणाला. मी कापू दिलं नाही. देवीचं आहे. त्याने विळी ठेवली आणि हाताने उलगडत बसला, एक एक वेढा. फार वेळ लागला. बाहेर कोळशाचे ट्रक जात होते, त्यांचा आवाज तेवढा.

त्या वर्षी मीही देवीची ओटी भरली होती. पण माझा खण हिरवा होता आणि हे लाल आहे. मी ते उजेडात धरून पाहून घेतलं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही उघडून दाखवायला हवं होतं, मामाजी. साहेब दोनदा म्हणाले होते. पाव तासाचं काम होतं. इतकी वर्षं तुमचं जेवण उष्टं राहायचं, मी ते गाईला घालायची. पण तुम्ही का उघडला नाहीत ते मला आज कळलं, कारण जावई तो बोळा फिरवत होता तेव्हा मला उठून पळून जावंसं वाटलं होतं.

मी पळाले नाही. मी पदराखाली माळ धरून बसले होते. पोरीला वाटलं, आबांची चूक निघू नये म्हणून आई देवीला विनवते आहे. तिने तसं मला नंतर म्हटलंही, आई, तुझं देवीने ऐकलं. मी हो म्हटलं. तसं नव्हतं. मी देवीला म्हणत होते, पत्ती सरळ निघू दे. तुमचं विसरणं आणि माझं अडवणं, दोन्ही मिळून आपल्या दोघांची एक चूक असू दे. ती मला वाहायची सवय झाली होती. माणसाच्या चुकीला माणूस काहीतरी करू शकतो, उपास करतो, डोकं टेकतो, शेजारच्या खोलीत बसून का होईना सोबत करतो. आता तुम्हीही सुटलात आणि मीही सुटले, आणि ह्यांना कोणी नेलं याचं उत्तर अंगणात सुपात पसरून ठेवलंय, वाळतंय. रोज संध्याकाळी मी त्या देवीपुढेच दिवा लावते. आजही लावला. वात तेलात पडली, पुन्हा लावली.

हे पत्र पेटीत पडणार नाही हे मला समजतं. मॅट्रिक आहे मी. पण विचारायला दुसरं कोणी नाही. घट बसायला आता थोडेच दिवस आहेत आणि देवीचं वस्त्र असं घरात ठेवून घट मांडता येणार नाही. ते जाळायचं नसतं, पुरायचं नसतं, वापरायचं नसतं, उकिरड्यावर तर नाहीच. पाण्यातच सोडायचं असतं. जावई म्हणतो, द्या मामी, मी कन्हानला जाऊन पुलावरून सोडून येतो. मी नको म्हटलं. नदीत आता दुसरी बोट आहे म्हणतात, तिच्यावर कोणाचा तरी लेक असेल.

तेव्हा हे मी कुठे सोडू, ते तुम्ही सांगा. ह्यांनाही विचारा, ते तिथे तुमच्याजवळच असतील, आणि आधी त्यांना सांगा की बाबांनी पत्ती वाकवली होती. दोघं मिळून काय ठरवाल ते उलट टपाली कळवा. घटस्थापनेच्या आत.